गच्चीवरची ‘गलबत’

“मग खोटं लिहू का, अप्पा?”

शेखर दारातच उभा होता. डोक्यावर हेल्मेट तसंच, तोंड लालबुंद.

अप्पा सुपात शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी ते डोक्यावरचं काढ. निम्मं बोलणं आतच राहतंय तुझं.”

मी तिथंच होतो. मी कोण म्हणाल तर शेजारी. सांगलीत अप्पांची आणि माझी भिंत एक आहे. अप्पा हसबनीस यांनी सगळा जन्म मद्याच्या कारखान्यात चव जुळवण्यात घालवला. कुठल्या पिंपातला माल कुठल्या पिंपात किती मिसळायचा, हे त्यांचं नाक ठरवायचं. शेखर उरुणकर त्यांचा पट्टशिष्य. मधे मीही शिष्य व्हायला बघितलं होतं. पण माझ्या नाकाला भज्यांपलीकडं काही कळत नाही, त्यामुळं माझी प्रगती शेंगा खाण्यावरच थांबली.

शेखर पेपरात पंधरवड्यानं, रविवारी, सदर लिहितो. ‘खिशाला झेपेल ते’. महागड्या बाटल्यांवर सगळेच लिहितात; हा लिहितो पगारदार माणसाला परवडणारी वाइन, रम, ब्रँडी यांच्यावर. आणि लिहितो झकास, उगाच नावं ठेवणार नाही. एका लाल वाइनबद्दल त्यानं लिहिलं होतं, ‘लाजरी आहे, पण मटणाच्या ताटाशेजारी बसवली की बोलायला लागते.’ एका ब्रँडीबद्दल लिहिलं, ‘सर्दीला बरी, माणसाला नाही.’ लोक वाचून हसतात आणि दुकानात जाऊन तीच बाटली मागतात. त्यामुळं आमचे साहेब अलीकडं जरा हवेत होते.

“कशाबद्दल खोटं लिहायचंय?” अप्पांनी विचारलं.

“गलबत रम. गेल्या रविवारी लिहिलंय तिच्यावर.”

“वाच.”

शेखरनं मोबाइल काढून वाचलं. “‘गलबत. वास जळलेल्या काकवीचा, मागून सुताराच्या पॉलिशचा. जिभेवर आली की ओरखडते, घशातून जाताना भांडते. हे गलबत बुडालेलंच बरं. ज्यांना मित्र नकोसे झालेत, त्यांनी ती मित्रांना पाजावी.’”

मी फस्सकन हसलो. अप्पा हसले नाहीत.

ते उठले. कपाटातून गलबतची चपटी बाटली काढली. त्यांच्याकडं सगळंच असतं. बोटभर ग्लासात ओतली. वास घेतला. घोट घेऊन तोंडात फिरवला, डोळे मिटले, आणि मोरीत जाऊन थुंकून आले.

“बरोबर लिहिलंयस,” ते म्हणाले. “पॉलिश जरा जास्तच आहे, उलट.”

“बघा!” शेखर उसळला. “शब्द न् शब्द खरा आहे. तुम्हीच शिकवलंत ना, जिभेनं खोटं बोलायचं नाही म्हणून?”

“शिकवलं.”

“मग माझं चुकलं कुठं?”

“ते मी कसं सांगू? एवढं बरोबर लिहिणारा माणूस भर उन्हात धावत कशाला आलाय, ते तू सांग.”

शेखर खाली बसला. बराच वेळ हेल्मेटच्या काचेवरचा डाग पुसत राहिला…

“गलबत दादांची आहे, अप्पा.”

दादा म्हणजे त्याचे वडील. सदाशिव उरुणकर, साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर बैठक असते. ते, शेजारचे बंडू कोष्टी आणि कारखान्यातले जुने दोघेतिघे. दोन दोन पेग, फुटाणे आणि भरपूर बाता. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

“बापाची रम कुठली ते तुला ठाऊक नव्हतं?” मी विचारलं.

“कसं असणार? रविवारी संध्याकाळी मी मुद्दाम घराबाहेर पडतो. म्हणजे त्यांना मोकळेपणानं बसता यावं. ते बाटली माझ्यापासून लपवतात. ते पितात हे मला ठाऊक नाही असं मी दाखवतो, मी पितो हे त्यांना ठाऊक नाही असं ते दाखवतात.”

“तुझं नाव छापून येतं की रे पेपरात! फोटोसकट!”

“तरी पण.”

आमच्या घरीही हेच होतं. मी पन्नाशीला आलो तरी वडील समोर दिसले की हातातली सिगारेट खिशात. दोन शर्ट जाळलेत मी.

“पुढं,” अप्पा म्हणाले.

“माझं सदर आलं की दादा ते गच्चीवर मोठ्यानं वाचून दाखवतात. सगळ्यांना. मला हे आजच कळलं, आईनं सांगितलं.” शेखरचा आवाज बारीक झाला. “गेल्या रविवारी पण वाचलं. हातात पेला होता. निम्म्यावर आले आणि बंडूकाका हसत सुटले, म्हणाले, अरं सदा, ही तर आपलीच की! सगळे हसले. दादांनी शेवटपर्यंत वाचलं. मग पेपराची घडी केली. म्हणाले, पोरानं लिहिलंय म्हणजे खरंच असणार. आणि खाली निघून आले.”

अप्पांचे हात सुपात थांबले.

“तेव्हापासून गच्चीवर पाऊल टाकलं नाही त्यांनी. आईला म्हणाले, एवढी वर्षं मी माझ्या माणसांना घाण पाजली.” शेखरनं नाक ओढलं. “आज रविवार. आज बैठक नको म्हणून बंडूकाकांना निरोप दिलाय… मी काय करू, अप्पा? पुढच्या खेपेला लिहितो, गलबत उत्तम आहे, माझीच चूक झाली. लिहू?”

“नाही.”

“मग गप्प बसू?”

“नाही.”

“अहो मग तिसरं काय असतं?” शेखर ओरडलाच.

अप्पांनी सूप बाजूला ठेवलं. धोतराला चिकटलेली टरफलं झटकली.

“ती रम तू चाखलीस कशी?”

“कशी म्हणजे? नेहमीसारखी. सकाळी, उपाशीपोटी. नुसती, पाणी न घालता. चाखली, थुंकली, लिहिलं.”

“आणि दादा कशी घेतात?”

“मला काय माहीत?” शेखर म्हणाला. “बापासमोर कोण बसतं?”

अप्पांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि पायात चपला सरकवल्या. मला म्हणाले, “शेंगा बांधून घे.”

उरुणकरांकडं पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सदाशिवराव दारात आले. बुटका, रुंद माणूस, हात अजून फिटरचेच. अप्पांना बघून त्यांची नुसती धांदल उडाली. मुलाचे गुरू पहिल्यांदाच घरी आलेले! बसायला खुर्ची देऊ की सतरंजी टाकू, चहा सांगू की सरबत, त्यांना सुचेना.

“गच्चीवर बसू,” अप्पा म्हणाले. “आज रविवार ना?”

सदाशिवरावांनी मुलाकडं बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली.

गच्चीवर सतरंजी पडली. शेखर पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला, लांब. सदाशिवराव खाली गेले आणि येताना एक वाइनची बाटली घेऊन आले. तीच ती, लाजरी. मुलानं चांगलं लिहिलं म्हणून आणून ठेवलेली, अजून उघडलेली नव्हती. बूच काढायचं हत्यार घरात नव्हतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं ते आतच ढकललं, आणि बूच तरंगत असलेली वाइन स्टीलच्या पेल्यांत ओतली. गरम होती, एप्रिलात दुसरं काय होणार. मटणाचं ताट तर कुठंच नव्हतं.

त्यांनी घोट घेतला. तोंड असं झालं की विचारू नका.

“छान आहे,” ते म्हणाले. “शेखरनं लिहिलंय तसंच आहे अगदी.”

मला त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली त्या क्षणी! पाठीवर हात फिरवावा असं वाटलं, पण आमची ओळख अर्ध्या तासाची.

अप्पांनी पेला खाली ठेवला.

“तुमची नेहमीची कुठंय?”

“ती… ती वाईट आहे, साहेब. पेपरात आलंय.”

“ऐकलंय मी. तीच द्या.”

सदाशिवराव हलेनात. बोटांनी सतरंजीचा धागा ओढत बसले. मी अप्पांकडं बघितलं, अप्पा शेजारच्या पत्र्यावरच्या कबुतरांकडं बघत होते.

मग शेखर टाकीपासून हलला आणि जिना उतरून गेला. खाली आईचा आवाज आला, “अरे, पिठाच्या डब्यामागं बघ.” तो वर आला तेव्हा बाटली त्याच्या हातात होती. पिशवीत नाही, पेपरात गुंडाळून नाही, उघडी. त्यानं ती दादांच्या समोर ठेवली आणि परत टाकीकडं गेला.

सदाशिवरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण बाटली हातात आली तशी हातांना सवय आठवली. पेले विसळले. माठातलं पाणी आणलं. डब्यात लावलेल्या लिंबाच्या रोपाची पानं तोडून तळहातावर चुरली आणि एकेका पेल्यात टाकली. रम, मग पाणी, मग आणखी थोडं पाणी. तीन पेले भरले.

अप्पांनी पेल्याला हात लावला नाही.

“चौथा?”

“चौथा कुणाला?”

अप्पांनी टाकीकडं मान वळवली.

“छे छे, साहेब!” सदाशिवराव घाईघाईनं म्हणाले. “तो पीत नाही.”

माझ्या घशात शेंगदाणा अडकला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या प्रत्येक दुकानदाराला ज्याचं नाव पाठ आहे, तो पीत नाही! पण त्या बापाच्या तोंडावर हसूसुद्धा नव्हतं हो. त्यांना ते खरंच वाटत होतं, किंवा खरं वाटावं अशी त्यांची फार इच्छा होती.

शेखर तिथूनच म्हणाला, “दादा… घेतो थोडी.”

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. त्याचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

सदाशिवरावांनी चौथा पेला घेतला. भरला. लिंबाचं पान जरा जास्तच चुरलं. मुलाकडं न बघता तो सतरंजीवर पुढं सरकवला. शेखर येऊन बसला, वडलांकडं पाठ करून, नव्या सुनेनं सासऱ्यासमोर बसावं तसा. त्यानं पेला उचलला. नाकाशी नेला नाही, हलवला नाही. सरळ तोंडाला लावला आणि सगळी रम गिळली.

आता सदाशिवराव त्याच्या पाठीकडं बघत होते. समोर अप्पांसारखा जाणकार बसलेला, पण त्यांनी अप्पांना विचारलंच नाही.

“कशी आहे रे?”

शेखरचे खांदे ताठ झाले. त्यानं मान वळवून अप्पांकडं बघितलं. मीही बघितलं. अप्पा शेंग फोडत होते.

‘छान आहे म्हण रे बाबा,’ मी मनात म्हटलं. ‘एवढ्याशा शब्दानं काय जातंय तुझं?’

“वाईट आहे, दादा,” शेखर म्हणाला.

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. सदाशिवरावांचा चेहरा उतरला. हातातला पेला त्यांनी हळूच खाली ठेवला आणि बाटलीचं झाकण शोधायला लागले.

शेखर वळला. पहिल्यांदा वडलांच्या समोरासमोर झाला. डोळे भरलेले, आणि हातातला रिकामा पेला पुढं केलेला.

“अजून द्या ना थोडी.”

सदाशिवराव पेल्याकडं बघत राहिले. मग मुलाकडं. मग त्यांच्या पोटातून कुठूनतरी हसू सुटलं. आधी नुसतं अंग हलत होतं, नंतर आवाज आला, मग खोकला आला, शेवटी त्यांनी टॉवेलनं डोळेच पुसले. “वाईट आहे म्हणतो आणि पेला पुढं करतो… काय पोरगं आहे!” असं म्हणत त्यांनी पेला भरला. काठोकाठ. सांडली थोडी, पण त्याचं त्यांना काही नव्हतं.

आणि कठड्याशी जाऊन हाक मारली, “बंड्या! ए बंड्या! ये रं वर! पेपरवाला आलाय आपला!”

बंडू कोष्टी बनियनवरच आले. फुटाणे आले. कारखान्याचा बॉयलर बिघडल्याची कुठली तरी जुनी गोष्ट निघाली, आणि सदाशिवराव ती उभं राहून, हातवारे करून सांगायला लागले. शेखर ती पहिल्यांदाच ऐकत होता. एवढ्या वर्षांत त्यानं आपल्या बापाला गोष्ट सांगताना बघितलं नव्हतं. तो तोंड उघडं ठेवून ऐकत होता, हातातला पेला कधी संपला ते त्यालाही कळलं नाही.

दिवेलागणीला तो सरकत सरकत अप्पांशेजारी आला.

“अप्पा,” तो हळूच म्हणाला. “पुढच्या सदरात काय लिहू मग?”

अप्पांनी आपल्या पेल्यातला शेवटचा घोट घेतला. तोंड वाकडं केलं. लिंबाचं पान बोटानं काढून सतरंजीच्या कडेला ठेवलं.

“उद्या सकाळी डोकं दुखेल तुझं…” ते म्हणाले. “तेही लिही.”