भैरूची काठी

सन १९७३. आश्विन वद्य पंचमी. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले होते आणि कडवी नदीचं पाणी निवळलं होतं.

“...मग ती तुमच्याकडे कशी आली, तेवढं सांगाल का?” मी विचारलं.

नरसू अंबी दगडावर बसून गळाला दोरा गुंडाळत होता. पूल होण्याआधी या घाटावर त्याची नाव चालायची. आता नाव पालथी पडलेली असायची आणि तो तिला टेकून मासे धरायचा. सगळे त्याला तात्या म्हणत.

“काय कशी आली?”

“काठी. माझ्या बापाची.”

गळाची काठी नावेला टेकून उभी होती. तीन तुकड्यांची, पिवळ्या बांबूची, पितळी कड्यांनी जोडलेली.

माझा बाप भैरू पलटणीत स्वयंपाकी होता. वर पहाडात एका साहेबाबरोबर थंड नद्यांवर फिरला आणि तिथून हा नाद घेऊन आला. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. गळाला कोंबड्याच्या मानेची पिसं बांधून खोटी माशी करायची. दोर डोक्यावरून मागेपुढे फिरवायचा आणि ती माशी पाण्यावर अलगद ठेवायची. मासा खरी समजून वर येतो.

बाप पौषात गेला. काठी घरात नव्हती. आई म्हणाली, नरसूकडे असेल. एवढं म्हणून ती गप्प झाली. ते गप्प होणं मला आवडलं नाही.

“न्यायला आलास का शिकायला?” तात्याने विचारलं.

“न्यायला.”

“मग शिकावं लागंल. येत न्हाई त्याच्या हातात ती द्यायची न्हाई. दिवस बुडायच्या आत तिच्यावर एक खडशी धर. धरलीस की काठी तुझी.”

“आणि नाही धरली तर?”

“तर हाय तिथं ऱ्हाईल.”

खडशी म्हणजे या डोहातला मोठ्या खवल्यांचा मासा. सावली पडली तरी दिवसभर तोंड दाखवत नाही. तिच्याइतकं संशयी जनावर आमच्या भागात दुसरं नाही.

मी कबूल झालो. पण मनात म्हटलं, हा मला मासा धरू देणार नाही.

मी चौथी शिकलेलो. गुळाच्या अडतीवर तोलार होतो. शेतकरी ढेप ठेवताना पायाचा अंगठा खाली लावतो, व्यापारी बोलता बोलता कोपर टेकवतो. मी तोंडाकडे कधी बघत नाही. हातांकडे बघतो. माझ्या काट्यावर मला फसवून गेलेला माणूस नाही.

तेव्हा मी नरसूतात्याच्या हातांवर नजर ठेवली.

त्याने मला पिंपरणीखालची जागा दिली. स्वतः वरच्या खडकावर गेला. लहानपणी बापाने अंगणात मला दोर फेकायला शिकवला होता, तेवढंच मला येत होतं. पहिल्या तीन खेपा झाडात गेल्या.

“कोपर बरगडीला,” तात्या वरून म्हणाला. “कोंबडी धरलीयस काखंत असं समज. सोडलीस तर पळंल.”

चौथी खेप पाण्यात पडली. मी लगेच वर पाहिलं. तात्याचा डावा हात पिशवीत होता.

थोड्या वेळात त्याने मासा काढला. वीतभर. बघितला, काहीतरी बोलला त्याच्याशी आणि सोडून दिला. मग दुसरा. तोही सोडला.

“जागा तुम्ही चांगली घेतलीत,” मी म्हणालो.

“मग ये हिकडं.”

आम्ही जागा बदलली. मी खडकावर, तो पिंपरणीखाली. घटकाभरात त्याने पिंपरणीखालून मासा काढला.

“माशी,” मी म्हणालो. “माझी माशी पांढरी. तुमची काळी.”

त्याने डबी उघडून माझ्यापुढे धरली. मी त्याच्या दोरावरचीच काळी मागितली. त्याने ती दातांनी तोडून दिली आणि माझी पांढरी स्वतःला बांधली.

पांढरीवर त्याने मासा काढला.

“आता?” तो म्हणाला.

“काठीत काहीतरी केलंय तुम्ही.”

“काय केलंय?”

“ते कळलं असतं तर विचारलं असतं का?”

तात्या इतका हसला की त्याला खोकला आला. “बरं तोलारसाहेब. ही घ्या माझी. ती आणा.”

त्याची काठी साध्या मेस बांबूची होती, घरी तासलेली. मी ती घेतली. बापाची काठी त्याच्या हातात गेली आणि त्याने दोर फिरवला.

कोपर बरगडीला. मनगट एकदाच, हलकं. दोर मागे सरळ झाला, थांबला, पुढे आला.

अंगणात माझा बाप असाच उभा राहायचा... तसाच. मान किंचित डावीकडे.

हा माणूस बापाकडून पुष्कळ घेऊन बसला होता, एवढं मला तिथेच कळलं. आणखी काय काय घेतलं असेल?

त्याने एकच खेप टाकली आणि काठी मला परत दिली.

“काय न्हाई केलेलं तिच्यात,” तो म्हणाला. “भाकरी खाऊ चल.”

नावेच्या सावलीत बसलो. त्याने भाकरी मोडली, ठेचा आणि कांदा पुढे ठेवला. मी थांबलो. त्याने घास घेतला, मग मी घेतला.

त्याने ते पाहिलं.

“इख न्हाई घातलेलं. मीठ घातलंय.”

“मीठ जास्त झालंय.”

“म्हंजे चव लागली म्हणायची. सकाळपासनं पहिल्यांदा.”

तो सावकाश खात होता. कांद्याची एकेक पाकळी काढून उन्हाला धरायचा आणि तोंडात टाकायचा. घाई कसली ती नाही. मला वाटलं, मुद्दाम वेळ काढतोय. दिवस बुडवायचाय त्याला.

जेवून तो आडवा झाला. तोंडावर टॉवेल. घोरायला लागला. घोरणं खरं आहे का, हे मी बराच वेळ ऐकलं. मग हलकेच त्याची पिशवी ओढली. दोऱ्याची गुंडी, पिसं, मेणाचा तुकडा, चाकू. बापाचं काही नव्हतं.

“तंबाखू खालच्या कप्प्यात हाय,” टॉवेलखालून आवाज आला.

मी पिशवी ठेवून दिली.

दुपारभर मी पाण्यात दोर टाकत होतो. तात्या उठून माझ्याशेजारीच येऊन बसला. त्याने आपली काठी हातात घेतली नाही. मांडी घालून बसला. मधेच म्हणाला, “वा!” मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा एकदा म्हणाला, “आई गं!” मी पुन्हा पाहिलं. हात मांडीवरच होते.

उन्हं कलली. माझा खांदा भरून आला होता.

“आज काय बघितलंस?” त्याने विचारलं.

हीच वेळ होती. मी काठी खाली केली.

“तुम्ही सकाळी चौदा खेपा टाकल्या. अकरा वेळा मनगटाने, तीन वेळा कोपराने. डावा हात पाच वेळा पिशवीत गेला. दोनदा बाहेर आला तेव्हा मूठ मिटलेली होती. मासा धरलात की आधी उजव्या अंगठ्याने त्याचं पोट दाबता. सगळं बघितलंय मी, तात्या.”

“मूठ मिटलेली असती. तंबाखू असती तीत.”

“असेल.”

“शाबास. एवढं तर माझ्या बायकोनं बघितलं न्हाई जन्मात.” तो जरा थांबला. “आन् तुझ्या माशीला तीनदा खडशी आली, ती?”

“खोटं.”

“पहिल्यांदा सकाळी. तू माझ्या पिशवीकडं बघत हुतास. मग जेवल्यावर दोनदा. एकदा तर शेपटी आली की रं वर, एवढी! मी वा म्हणालो. तू माझ्या हाताकडं बघितलंस.”

मी दोर ओढून घेतला.

“पानी कुठल्या रंगाचं हाय?”

मी पाण्याकडे बघणार होतो. तो म्हणाला, “बघू नको. सांग.”

...

मला सांगता आलं नाही.

मला राग आला. दिवसभराचा आला. “ते राहू द्या,” मी म्हणालो. “काठी तुमच्याकडे कशी, ते बोला. बापाने विकली? तुम्ही मागून घेतली? का तो गेल्यावर उचलली?”

तात्याने मिशीवरून हात फिरवला.

“दहा वर्सं येत हुता भैरू. माझ्या नावंतनं पलीकडं जायाचा. आला की पान्यात. मी म्हणायचो, भैरू, लई मासं धरलंस. एक दिवस नुस्ता बस गड्या माझ्यापाशी. म्हणायचा, पुढच्या खेपंला. पुढच्या खेपंला बी तेच. गेल्या सालच्या भादव्यात आला तवा छाती धरून चालत हुता. काठी नावंत ठेवली. म्हणाला, नरसू, तुझा एक दिवस देनं लागतो. देईपातूर ही ठेव.”

“मग?”

“मग आला न्हाई.”

मी त्याचे हात पाहिले. ते हलले नाहीत.

“याला साक्षीदार कोण?”

“तू हुतास का?”

“मी नव्हतो.”

“मग कोन न्हाई.”

“असली गहाणवट मी ऐकली नाही कधी. काठी ठेवायची आणि दिवस घ्यायचा.”

“मी बी न्हवती ऐकली.”

“तर मग सकाळी मासा कशाला मागितलात? हे सकाळीच सांगायचं.”

“सांगितलं असतं तर थांबला असतास?”

थांबलो नसतो. काठी उचलून चालू लागलो असतो आणि वाटेत त्याला लबाड म्हटलं असतं. पण हे मी त्याला सांगितलं नाही.

दिवस बुडायला हातभर उरला होता. मी माशी चिमटीत धरली. त्याची गोष्ट खरी असो की रचलेली, बोली मासा धरण्याची होती. मासा धरायचा, काठी घ्यायची आणि पुन्हा या घाटावर पाय ठेवायचा नाही.

डोहाच्या मधोमध पाणी फुगलं आणि खाली बसलं.

“आली,” तात्या हळूच म्हणाला. “टाक.”

हा मला टाक का म्हणतो? मी मासा धरला तर काठी याचीच जाते.

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मांडीवर, उताणे. रिकामे. पिशवी लांब पडलेली. पाय मांडीखाली दुमडलेले. कुठे अंगठा नाही, कुठे कोपर नाही. मी खालपासून वरपर्यंत पाहिलं. बघायला काही उरलं नाही.

मग मी पाण्याकडे पाहिलं.

जुन्या काचेच्या बाटलीचा असतो तसला रंग होता. कडेला हिरवट, मधे काही नाही. तळाचे गोटे मोजता आले असते. वरून बारीक पांढरे किडे उतरत होते, पीठ चाळावं तसे. पाण्याला पाय लावायचे आणि उठायचे. त्यांच्याखाली खडशी हिंडत होती. माझ्या हातापेक्षा लांब. वळली की एका अंगाचे खवले तांबूस पेटायचे, रुपयाएवढे एकेक.

तिलाही घाई नव्हती. एक किडा घ्यायची, दोन सोडायची. एका किड्याखाली येऊन ती थांबली. नाक त्याला लागेल इतकी वर आली. इकडून बघितलं. मागे सरून तिकडून बघितलं. पुन्हा इकडून. किडा बिचारा खराच होता. तरी तिने घेतला नाही. शेपटी हलवून निघून गेली.

मला हसू आलं. आवरेना. पोट धरून हसलो मी त्या काठावर.

तात्याही हसत होता. त्याने मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

ती पुन्हा आली. तिच्यामागून दुसरी आली, जरा लहान. आम्ही दोघे बघत राहिलो. तो एकदा म्हणाला, “ती बघ, ती बघ,” आणि मी म्हणालो, “बघतोय.” पलीकडच्या बांबूच्या बेटातून खंड्या सुटला आणि पाण्याला लागून सरळ गेला. कुणाच्या तरी म्हशी पाण्यावर आल्या, पिऊन गेल्या.

किती वेळ गेला मला माहीत नाही.

पाण्यातला तांबूस गेला. किडे दिसेनासे झाले. मी मान वर केली तर डोंगरावर काही नव्हतं. दिवस बुडालेला.

माशी माझ्या चिमटीतच होती.

बोली ती बोली. मी दोर गुंडाळला. काठीचे तीन तुकडे सोडवले, धोतराच्या सोग्याने पुसले, एकत्र बांधले आणि दोन्ही हातांनी तात्यापुढे धरले.

“दिवस बुडाला, तात्या. मासा नाही.”

तो घेईना.

गुडघ्यावर हात देऊन उठला. पिशवी खांद्याला लावली. आपली मेसाची काठी घेतली. माझ्या हातांकडे त्याने पाहिलंही नाही. चार पावलं चढ चढला, थांबला...

“फिटलं,” तो म्हणाला.