कोमट पाणी

“...परंतु आठ सप्टेंबर ही तारीख पाहिली कोणी, फादर?”

फादर गास्पर घंगाळातील पाण्यात कोपर बुडवून पाहत होते.

पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाचा तो पूर्वदिन. वसईकडील त्या चर्चमध्ये आदल्या दुपारी बाळ मरियेची हातभर लाकडी मूर्ती कपाटातून काढून न्हाऊ घालण्याचा, व नवे अंगडे चढवून पाळण्यात ठेवण्याचा प्रघात होता.

प्रश्न विचारणारा इनास तुस्कानो धर्मशिक्षक होता. वाचन दांडगे, आणि त्याचा त्याला अभिमानही. उद्या मिस्सा, म्हणजे सणाची उपासना, संपल्यावर लोकांसमोर बोलण्याचा मान त्याला प्रथमच मिळाला होता. अकरा पाने लिहून झाली होती. बाराव्यापाशी लेखणी अडली. जे सिद्ध होत नाही ते आपल्या मुखातून निघणार नाही, असा त्याचा बाणा. आज उत्तर न मिळाल्यास पाने फादरांच्या स्वाधीन करून धर्मशिक्षकाचे कामही सोडावयाचे, असे तो घरी सांगून आला होता.

त्याने सारे पुन्हा मांडले. संतांचे सण येतात ते त्यांच्या मृत्युदिनी. जन्मदिन पाळले जातात ते तिघांचेच: येशूचा, त्याच्या मातेचा आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. मरियेच्या जन्माचा तर शास्त्रात उल्लेखही नाही.

“आणि तिघांपैकी एकाचीही तारीख कोणी लिहून ठेवलेली नाही.”

अंगड्याला शेवटचा टाका घालणाऱ्या लुसामायने मान वर न करताच विचारले, मास्तरांना जन्मदाखला हवा आहे काय. सुईण तर केव्हाच वारली.

फादर हसले. “लुसामाय, थोडं गरम घाला.”

इनासला राहवेना. “लाकडाला थंड काय नि कोमट काय, फादर?”

फादरांनी पुन्हा कोपर बुडवले. “आता ठीक आहे.”

मग ते न्हाऊ घालू लागले. कानांमागे. बोटांच्या बेचक्यांत. इनास पाहत राहिला. हे कोपर बुडवणे कोणी शिकवले, असे त्याने विचारले. या वेळी त्याच्या स्वरात वाद नव्हता. आपल्या आधीचे फादर असेच करीत, असे फादर गास्पर म्हणाले.

“त्यांना कोणी शिकवलं?”

“विचारायचं राहून गेलं...”

त्यांनी ओली मूर्ती पुढे केली. “धर जरा. टॉवेल घेतो.”

इनासच्या उजव्या हातात पाने होती. डाव्या हाताने त्याने मूर्तीचे पाय धरले, आणि ती उलटी लोंबू लागली.

“मास्तर, मान,” लुसामाय म्हणाली.

पाने खाली पडली. तीन लेकरांच्या त्या बापाचा तळवा आपसूक मूर्तीच्या मानेखाली गेला होता.

लाकडाची मान कलंडत नाही, हे त्याला ठाऊक होते. तळवा तेथेच राहिला.

सांडलेल्या पाण्यात पानांवरची शाई पसरू लागली. ती उचलण्यास कोणी वाकले नाही...

इनास म्हणाला, “मग उद्या मी काय बोलू, फादर?”

फादरांनी दोन्ही हातांवर टॉवेल पसरला.

“हळू बोल. आत्ताच जन्मली आहे.”