हाथोरदेवी आणि पाथरवटीण

राजांच्या वंशावळ्याही अद्याप कोणी लिहून ठेवल्या नव्हत्या, इतक्या प्राचीन काळी मिसर देशातील महानदीच्या काठी लहान लहान गावे होती. प्रत्येक गावाचा देव निराळा. कोणाचा ससाण्याच्या मुखाचा, तर कोणाचा कोल्ह्याच्या मुखाचा. एका गावाच्या देवीचे कान गाईचे होते. तिचे नाव हाथोर. ती आनंदाची देवता. मळणी झाली की बायका खुळखुळे वाजवीत तिच्यापुढे नाचत. तिचे देऊळ म्हणजे लव्हाळ्यांची एक झोपडी होती आणि तिला दार नव्हते.

पुढे मोठे राजे उदयास आले आणि देवांचेही वैभव वाढले. झोपडीच्या जागी पाषाणाचे मंदिर उभे राहिले. त्याला दार आले, दारावर मातीची मोहोर आली. पुजारी रोज पहाटे ती मोहोर फोडून आत जाई, देवीला स्नान घाली, वस्त्र नेसवी, नैवेद्य दाखवी आणि निघताना पाठमोरा चालत, झाडूने स्वतःची पावले पुसत बाहेर येई. गाभाऱ्यात माणूस येऊन गेल्याची खूणही उरू द्यायची नाही, असा नियम होता.

भिंतींवर देवीची स्तोत्रे चित्रलिपीत कोरलेली होती. ती लिपी पुजारी केवळ आपल्या पुत्रास शिकवी. परंतु एवढ्यानेही पुजाऱ्यांचे समाधान होईना. कोणी चोरून शिकेल, या भयाने प्रत्येक पिढीने नवी, अधिक अवघड चिन्हे त्यात घातली. सातशे चिन्हे होती, त्यांची सहा हजार झाली. देवीचा मान वाढला, असे पुजाऱ्यांना वाटले. वास्तविक कमी झाले ते तिचे वाचक.

दाराबाहेर तिष्ठणारे लोक हळूहळू कंटाळले. राज्य परक्यांकडे गेले, नवा धर्म आला, तिकडे प्रार्थनेस सर्वांना आत घेत. लोक तिकडे वळले. देवीवर कोणी रुसले नव्हते. तिच्या बंद दाराशी थांबणे तेवढे त्यांनी सोडले.

अखेरीस त्या मंदिरात एकच वृद्ध पुजारी उरला. त्याला अपत्य नव्हते. मंदिरामागे एक म्हातारी पाथरवटीण राहत असे. तिच्या घराण्याने सात पिढ्या त्या भिंती कोरल्या होत्या. पुजारी कोळशाने चिन्हे रेखाटून देई आणि ती रेघेवरून छिन्नी चालवी. वाचता मात्र तिला एकही चिन्ह येत नव्हते.

एके दिवशी काम करता करता तिने विचारले, “पुजारीबाबा, तुमच्यामागं हे कोण वाचणार?”

“कोणीही नाही. अपात्र माणसाने वाचण्यापेक्षा न वाचलेले बरे.”

“म्हणजे देवीनंही तुमच्याबरोबरच मरायचं म्हणा की!”

“जिभेला आवर घाल. तुला छिन्नी चालवायला ठेवले आहे.”

“चालवतेय की, चाळीस वर्षं! अहो, बैलालासुद्धा कळतं आपण कुणाचं शेत नांगरतोय ते. मला तेवढंही कळू दिलं नाहीत तुम्ही.”

पुजारी संतापून आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो भिंतीवरून स्तोत्र म्हणू लागला आणि मध्येच अडखळला. गळ्याला गाठ बांधलेल्या बदकाचे चिन्ह समोर होते. ते त्याच्या आजोबांनी योजलेले. त्याचा अर्थ काही केल्या आठवेना. विचारावे तर आजोबा नव्हते, वडीलही नव्हते. अवघ्या पृथ्वीवर विचारण्याजोगे एकही माणूस नव्हते. त्या दिवशी प्रथमच देवीपुढे स्तोत्र अपुरे राहिले. पुजारी बाहेर आला, तो पावले पुसायचे विसरूनच.

तो थेट पाथरवटिणीच्या दारी गेला. “चांगली शिळा आहे का गं तुझ्याकडे?”

“थडग्यावर बसवायला?”

“अजून नाही, कजाग बाई! देवीचे स्तोत्र कोरायचे आहे. मला जेवढे खात्रीने आठवते, तेवढे तरी.”

“मग त्याच्याखाली तेच बाजारच्या लिपीत कोरू. ती कुणालाही येते.”

पुजारी दचकला. “त्या लिपीत लोक लसणाच्या याद्या लिहितात! तिच्यात देवीचे नाव?”

“लसूण खाऊनच आमच्या पणज्यांनी हे दगड ओढले, बाबा. तेव्हा नाही आला देवीला वास?”

पुजाऱ्याला हसू आले. आनंदाच्या देवीच्या त्या सेवकाला कित्येक वर्षांत हसू आले नव्हते.

काम सुरू झाले. पुजाऱ्याने चिन्हे रेखाटली आणि आयुष्यात प्रथमच त्यांचा अर्थ मोठ्याने सांगितला, “हे सोनेरी माते, धान्य घरी आले, आता तू ये...”

पाथरवटिणीने छिन्नी खाली ठेवली. “हे तर माझी आजी मळणीला म्हणायची! ‘आता तू ये, तुझ्यासाठी आम्ही अंगण सारवले...’”

“काय म्हणालीस? सारवले?”

“हो. अंगण सारवले.”

पुजाऱ्याला एकदम आठवले. गाठ बांधलेल्या बदकाचा अर्थ तोच होता. त्याच्या कुळाने सहा हजार चिन्हांत लपविलेले स्तोत्र खळ्यावरच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ होते.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “पुढचे तू सांग. मी लिहितो.”

शिळा पुरी होईपर्यंत पाथरवटीण ती चित्रलिपी वाचायला शिकली. देवीच्या नावावर बोट ठेवून ती म्हणाली, “हाथोर. इतकी वर्षं कोरत होते, आज भेटली.” पुढच्या वर्षी नदीला पूर येण्याआधी पुजारी वारला, पण निर्धास्त मनाने वारला.

त्यानंतर वाळू आली. मंदिर गळ्यापर्यंत बुडाले. शिळा कोणीतरी मेंढवाड्याच्या भिंतीत बसविली. शतकांमागून शतके गेली. भिंतींवरची चित्रे म्हणजे चेटूक, असे सांगून आया मुलांना तिकडे फिरकू देत नसत.

मग एके वर्षी दूरदेशीचा एक अभ्यासक तेथे आला. ती चित्रे वाचण्यात अर्धे आयुष्य घालवून तो हताश झाला होता. मेंढवाड्यातील शिळेवर त्याला दोन लिप्या एकाखाली एक दिसल्या. खालची त्याला येत होती. तिच्यातील देवीच्या नावावरून त्याने वरचे नाव ओळखले, नावावरून चिन्हे ओळखली आणि चिन्हांवरून सबंध स्तोत्र लावले. पुढे सर्व भिंती बोलू लागल्या. ससाण्याच्या मुखाचा देव, कोल्ह्याच्या मुखाचा देव, सारे आपापल्या कथा घेऊन वाळूतून वर आले.

गावकऱ्यांनी आपला धर्म सोडला नाही आणि तशी गरजही नव्हती. परंतु मंदिरातील वाळू त्यांनी स्वतः उपसली आणि अभ्यासकाकडून ती लिपी शिकून घेतली. ज्या भिंतीची धास्ती घेत ते वाढले, तिच्यासमोर बसून आता ते आपल्या लेकरांना पूर्वजांचे गाणे वाचून दाखवितात.

तात्पर्य : जे ज्ञान आपण मानासाठी लपवितो ते आपल्याबरोबर संपते आणि जे सर्वांस वाटतो तेच काळाच्या पार जाते.