आरवंडीचे कोपर-ताट

आरवंडीच्या तांबट आळीत शिरलात की उजव्या हाताला एक बैठी, कौलारू इमारत लागते. पूर्वी तिथे आळीची सामाईक भट्टी होती, आता ताटवाट्यांचे संग्रहालय आहे. बाहेरून ते गुरांच्या दवाखान्यासारखे दिसते, हे मला मान्य आहे. आत मात्र पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पातळ ओठाचे पेले, लांब दांड्याची ओगराळी, ताटाखाली ठेवायच्या अडण्या, आमटी सांडू नये म्हणून बुडाला जड केलेल्या वाट्या, असे सगळे काचेमागे मांडले आहे. फक्त मधल्या चौथऱ्यावरच्या ताटाला काच नाही. त्या पितळी ताटाची डावी कड वर उचललेली आहे आणि पुन्हा आतल्या अंगाला वळलेली आहे. नवखा माणूस म्हणतो, ताट पडून चेपले वाटते. आम्ही त्याला तसल्याच दुसऱ्या ताटात दहीभात वाढतो आणि पहिला घास मूठ अर्धी मिटून घ्यायला सांगतो. मग ही हकिकत सांगतो.

हिला लेखी आधार नाही. मी शोधला, बरीच वर्षे शोधला. तेव्हा आळीत सांगतात तसेच सांगतो. कुठे चुकले तर चूक माझी धरावी, आळीची नव्हे.

फार पूर्वी मांडवाई देवीच्या उत्सवाला सगळे गाव एकाच पंगतीत बसत असे. एका उत्सवात आमटीची मोठी कढई चुलाणावरून उतरवताना आधाराची दांडी निसटली आणि कढई बसलेल्या माणसांवर कलंडू लागली. राणबा तांबट जवळ उभा होता. कढई त्यानेच घडवलेली. त्याने ती दोन्ही हातांनी अडवली आणि लोक उठून बाजूला होईपर्यंत सोडली नाही. पंगतीत एकालाही चटका बसला नाही, असे सांगतात. राणबाचे हात मात्र गेले. जखमा भरल्या तेव्हा बोटे एकमेकांना चिकटून अर्धी मिटलेलीच राहिली. ज्या हातांनी तो ताटे ठोकून मठारायचा, त्या हातांत हातोडी धरवेना.

गाव कृतघ्न नव्हते. पंचांनी ठरवले, यापुढे पंगतीत पहिले पान राणबाचे. त्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही. मान मोठा होता. पण ज्याचे हात आपल्यासाठी जळले, त्याला आपण सगळ्यांदेखत हाताने जेवायला बसवतो आहोत, हे कुणाच्याच ध्यानात आले नाही.

त्यातून तांबटांची ताटे आरशासारखी सपाट. त्यांची परीक्षाच तशी होती. नवे ताट देवळापुढच्या शिळेवर ठेवायचे आणि त्यात तांब्याभर पाणी ओतायचे. पाणी सगळीकडे सारखे उभे राहिले तर ताट पास. एका बाजूला सरकले तर तिथेच घण घालून ते मोडीत काढायचे. परीक्षा न झालेले ताट देवीपुढे मांडायची सोय नव्हती.

पुढच्या उत्सवाला राणबा पहिल्या पानावर बसला. त्या सपाट ताटात भात त्याच्या हातापुढे पळू लागला. तो हात पुढे नेई तसा भात कडेला जाई आणि कडेवरून जमिनीवर. सगळे गाव घास थांबवून बघत होते. शेवटी कुणीतरी मायेनेच म्हणाले, "अहो, भरवा की त्यांना कुणीतरी."

राणबा उठला. म्हणाला, "माझ्या हाताने खाईन, नाहीतर या पंगतीत बसणार नाही. मांडवाईची आण आहे."

पहिला घास झाला नाही, म्हणून त्या दिवशी कुणीच जेवले नाही. वाढलेली पंगत तशीच उठली.

पुढचा उत्सव जवळ आला तसा राणबाचा जीव घाबरा होऊ लागला. एके सकाळी तो सुनेला म्हणाला, "चिमे, माझं बोचकं बांध. मी गावात नसलो की माझं पानही नाही. लोक जेवतील तरी."

चिमा म्हणाली, "बांधते, पण उत्सवाच्या सकाळी. आत्तापासून दारोदार हिंडायला तुम्ही काय गोसावी आहात?"

तिचा नवरा भांडी घेऊन बाजारोबाजार फिरत असे, त्यामुळे घरात ही दोघेच. राणबा भिंतीकडे तोंड करून जेवायचा आणि ती तिकडे बघायची नाही, असा त्यांचा अबोल करार होता. एका दुपारी ताक वाढायचे राहिले म्हणून ती मागे वळली, आणि तिला दिसले की सासऱ्याने डाव्या हाताचे कोपर ताटात टेकवले आहे. पळणारा भात त्या कोपराशी अडत होता, साचत होता आणि उलटून उजव्या हाताच्या पोकळीत येत होता. राणबाने कोपर झटकन काढून घेतले. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

चिमेने म्हणे त्या ताटाच्या सपाट कडेवरून बोट फिरवून पाहिले. मग म्हणाली, "मामंजी, तुमचं कोपर तुमच्यापाशीच ठेवा. आपण ताटालाच कोपर करू."

तांबटांच्या बायका भांडी चिंचेने घासत. हातोडी पुरुषांची. चिमेने ती उचलली. राणबा शेजारी बसून सांगे आणि ती ठोके. पहिल्या ताटाची कड तिने चहूकडून उभी केली. राणबाचा हात आत जाईना. तो म्हणाला, "ही विहीर झाली, पोहरा आण." दुसऱ्या वेळी कड एकाच बाजूला उचलली, पण बाहेर झुकवली. भात चढून पलीकडे गेला. शेवटी तिने कड आत वळवली आणि बुडाला तिकडे थोडासा उतार दिला.

तिचे वेडेवाकडे ठोके आळीभर ऐकू जात. समोरच्या ओट्यावरून पंच भानजींनी विचारले, "राणबा, घरात सुतारपक्षी पाळलास काय?"

"सून आहे," राणबा म्हणाला. "चोच बरी आहे तिची."

हात जळल्यापासून त्याने केलेली ही पहिली थट्टा, असे आळीत सांगतात.

उत्सवाच्या सकाळी चिमेने बोचके बांधले नाही. ताट घासून लखलखीत केले आणि सासऱ्याला घेऊन देवळापुढे आली. भानजींनी ताट शिळेवर ठेवले, पाणी ओतले. पाणी सगळे एका बाजूला गेले.

"पाणी पळालं, सूनबाई," भानजी म्हणाले. त्यांना वाईट वाटले होते, पण घण त्यांनी हातात घेतला.

"पळालं नाही, भानजीबाबा. जमलं."

"रीत मी घातलेली नाही, पोरी."

तेव्हा राणबा पुढे झाला. "घण घालायचा तर घाल, भानजी. पण पहिलं पान माझं, हीही तुमचीच रीत. आधी वाढ, मग मोड."

भानजी अडकले. त्यांनी ताट पुसले, मांडले आणि स्वतः भात वाढला, वर आमटी. पंगत बसली. राणबाने आपला मिटलेला हात ताटात घातला. भात नेहमीसारखा पळाला, डाव्या कडेशी गेला, कड चढला, वळला आणि मुकाट्याने त्याच्या हातात आला. राणबाने घास तोंडात घातला. दुसरा घास गेला, तिसरा गेला. आमटीचा शेवटचा ओघळ त्याने कडेशी निपटून घेतला आणि दोन्ही मनगटांत धरून ताट जमिनीवर पालथे केले. खाली शीतही पडले नाही.

"वाढा की," तो म्हणाला. "कढई अजून भरलेली दिसते."

भानजींच्या हातात घण तसाच होता. त्यांनी स्वतःच्या पानावरचे ताट उचलले, शिळेवर उपडे टाकले आणि त्याच्या डाव्या कडेवर घण घातला. चिमा म्हणाली, "बाबा, हळू. ते ताट आहे, साप नव्हे." मग आळी उठली. घरोघरच्या हातोड्या आल्या. जेवणे निवाली, कुणाला त्याची फिकीर नव्हती. एकूणएक ताटाला कोपर फुटेपर्यंत देवळापुढे ठणठणाट चालला होता आणि तो डोंगरापलीकडच्या वस्तीला ऐकू गेला, असे म्हणतात. त्याच दिवशी मांडवाईच्या मूर्तीचे डावे कोपर किंचित पुढे आले, असेही म्हणतात. मी जवळून पाहिले आहे. शेंदराचा थरही असू शकेल. मला ठरवता आलेले नाही.

आजही आरवंडीचे ताट पाण्यानेच पारखतात, पण पाणी कोपराशी जमले तरच ते पास. आजही उत्सवात पहिले पान राणबाच्या घरचे, आणि पहिला घास सगळे गाव मूठ अर्धी मिटून घेते. नुकती हाताने जेवू लागलेली पोरे असतात, हातांना कंप सुटलेले म्हातारे असतात, भट्टीवर बोटे गमावलेले कारागीर असतात, आणि धडधाकट तर असतातच. त्या पंगतीच्या टोकाला उभे राहून पाहिले, तर कुणाचा हात अधू आहे हे ओळखू येत नाही. मी अनेकदा प्रयत्न केला आहे.

असो. तुमचा दहीभात तसाच राहिला आहे. मूठ मिटा, आणि भात पळाला तर पळू द्या. कोपराशी येईलच.