धूम्राक्षाची कानस

एका राज्यात राजा चित्रधर राज्य करीत होता. त्याची कन्या हेमकळा हिने धूम्राक्ष जादूगाराशी लग्न करायला नकार दिला, म्हणून त्याने तिला खैराच्या ओंडक्यात कोंडले. ओंडका श्वास घेई. कुऱ्हाडीचा घाव घातला तर तो कन्येला लागेल. लाकूड कातायच्या चरकावर फिरवून पातळ सालपटे सोलली तरच ती सुटेल, असा शाप होता. आणि ओंडका दिवसेंदिवस आत आवळत चालला होता.

राजाने सारजा कातारणीला बोलावले. ती चरकावर लाकूड फिरवून लाटणी, पाळण्यांचे खुंट कातीत असे. तिची सगळी पाती त्या खैरावर बोथट झाली. तेव्हा तिने राजाकडे त्याच्या आजोबांची तलवार मागितली.

"मोडावी लागेल, महाराज."

"मोडा," राजा म्हणाला.

तलवारीच्या पोलादाचे तिने पाते केले. ते घाव सोसणारे होते, पण जरा सालपटे निघाली की त्याची धार मुडपे. घासावी, की पुन्हा मुडपे. याहून कडक पोलाद हवे, हे सारजाने ओळखले.

जादूगाराकडे ते असेल म्हणून, तो बाहेर गेलेला पाहून ती धूम्राक्षाच्या गुहेपाशी गेली. दारावर धनेश पक्षी बसला होता. आत रत्ने होती, सोन्याच्या ढाली होत्या. सारजाने कडक पोलाद कुठे आहे, एवढेच विचारले. धनेशाने सांगितले, की कोपऱ्यातली कानस सर्वांत कडक. धूम्राक्षाचे सुळे सारखे वाढतात, ते तो त्या कानशीने घासतो. सारजाने कानस उचलली आणि रत्नांकडे न पाहता परतली.

कानस मोडून तिने अर्धा भाग ओल्या दगडावर घासला आणि त्याचे पाते केले. खैर लोण्यासारखा सोलला जाऊ लागला. मग लाकडात एक गाठ आली. पाते काचेसारखे फुटले, एक कपची सारजाचा गाल चिरून गेली, दुसरी ओंडक्यात रुतली. आतून कन्या कण्हली.

ओंडक्याला तोंड लावून सारजाने विचारले, "थांबू का, बाई?"

"थांबू नका," आतून आवाज आला. "इथे जागा उरली नाही."

सारजाने दोन्ही पाती शेजारी ठेवून पाहिली. तलवार मऊ म्हणून मुडपली, कानस फार कडक म्हणून फुटली. तेव्हा कानशीचाच कडकपणा थोडा उतरवायचा, असे तिने ठरवले. उरलेल्या भागाचे पाते करून तिने ते लख्ख घासले आणि तापल्या वाळूवर ठेवले. पोलादावर रंग चढू लागला. निळा आला तर पाते मऊ पडून वाया जाणार होते, आणि दुसरी कानस नव्हती. गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग दिसताच तिने पाते उचलून तेलात बुडवले.

या वेळी गाठ आली आणि गेली. पात्याची धार तशीच राहिली.

सालपटांचा ढीग वाढत असता धूम्राक्ष मंत्र म्हणायला धावत आला. पण कानशीवाचून त्याचे सुळे हनुवटीखाली उतरले होते, तोंड उघडेना. शिपायांनी त्याला धरून राज्याच्या सीमेपार सोडले.

शेवटचे सालपट गळून पडले आणि हेमकळा जमिनीवर उभी राहिली. तिच्या दंडातून रक्त येत होते. तिने आधी सारजाच्या गालावरची जखम पाहिली, मग स्वतःची, आणि दोघींसाठी हळद मागवली. राजाने आपल्या हातांनी ती उगाळली.

त्या राज्यात पुढे सुख नांदले, तसे ते ऐकणाऱ्यांच्या घरीही नांदो.