जेवणाचा नियम

खूप खूप वर्षांपूर्वी, डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. राज्याचं सगळं धान्य एका मोठ्या कोठारात साठवलेलं असे. पावसाने ओढ दिली की कोणत्या आळीला किती धान्य द्यायचं, ते कोठाराचा प्रमुख ठरवी. हा प्रमुख पिढ्यान्‌पिढ्या वरच्या आळीतलाच असे.

एका दुष्काळात जुना प्रमुख वारला. राणी नुकतीच गादीवर आली होती. प्रमुख नेमणारे पाच कारभारी होते, तेही वरच्याच आळीतले. त्यांना बोलावून तिने विचारलं, "दर वेळी वरचीच आळी कशी?"

"योगायोग, राणीसरकार," ज्येष्ठ कारभारी म्हणाले. "आमचं दार सगळ्यांना उघडं आहे. नियम एकच. ज्याला नेमायचं, त्याच्या घरी आम्ही पाचही जण जेवलेलो असलो पाहिजे. जेवताना माणसाची पारख होते."

नियम साधा होता. राणीला तो जरा जास्तच साधा वाटला.

खालच्या आळीला धान्य सर्वांत शेवटी मिळे, आणि तेही किडकं. बाळंतिणींना दूध येईना. त्याच आळीतली सुईण तुळाआक्का सगळ्या आळ्यांत बाळंतपणं करी; ती हे रोज बघत होती. एक दिवस ती उठली आणि कोठाराची प्रमुख व्हायचं म्हणून कारभाऱ्यांना जेवायला बोलवायला गेली.

सोमवारी ज्येष्ठ कारभाऱ्यांचा उपास निघाला. मंगळवारी दुसऱ्यांचा, गुरुवारी तिसऱ्यांचा.

"मग बुधवारी या," आक्का चौथ्या कारभाऱ्यांना म्हणाली.

"बुधवारी माझं पोट बिघडतं."

"दर बुधवारी?"

"बहुतेक."

पाचव्यांनी तर दारच उघडलं नाही.

आळीतही कुजबुज सुरू झाली. शेजारीण म्हणाली, "आक्का, वर जाऊन बसलीस की तू तरी आम्हाला ओळखशील कशावरून?"

"नाही ओळखलं, तर कोठाराच्या दारात येऊन माझ्या नावाने ओरड," आक्का म्हणाली.

निवडीच्या दिवशी दरबार भरला. ज्येष्ठ कारभारी म्हणाले, "आम्ही हिच्या घरी जेवलेलो नाही. ही नियमात बसत नाही. आमचा नाइलाज आहे."

"नियम राहू दे," राणी म्हणाली. "फक्त उलटा करून बघू. कोठार सगळ्या आळ्यांचं आहे. तेव्हा जो सगळ्या आळ्यांत जेवलाय, तोच प्रमुख. वरच्या आळीतलं कोण जेवलंय असं?"

वरच्या आळीतलं एकही जण पुढे आलं नाही. मग चौथे कारभारी हसून म्हणाले, "ही तरी आमच्या आळीत कुठे जेवलीय?"

"जेवलेय की, कारभारीबाबा. तुमच्याच घरी," तुळाआक्का म्हणाली. "तुमची सून मोकळी झाली त्या दिवशी. मागच्या पायरीवर बसून जेवले. पत्रावळ मीच उचलली, पायरीही मीच धुतली. पण जेवले. आमटी चांगली होती."



तुळाआक्का प्रमुख झाली. पण राणीने तिच्यावरही डोळे मिटून विश्वास टाकला नाही. मापाजवळ प्रत्येक आळीचं एक माणूस उभं राहू लागलं. त्या वर्षी किडकं धान्य कोणा एका आळीच्या वाट्याला आलं नाही. खालच्या आळीत जन्मलेली बाळं जगली.

कारभाऱ्यांना राणीने सांगितलं, "सगळ्या आळ्यांत जेवून या, नाहीतर जागा सोडा." तिघांनी जागा सोडल्या. त्या जागी एक विणकरीण, एक धनगर आणि एक कुंभार आले. ज्येष्ठ कारभारी कुरकुरत का होईना, जेवायला निघाले.

चौथे कारभारीही खालच्या आळीत गेले आणि पंगतीत मांडीला मांडी लावून जेवले. त्यांचं पोट बिघडलं नाही. वार बुधवारच होता.

तात्पर्य : सगळ्यांसाठी खुला म्हणवणारा नियम दर वेळी एकाच आळीला निवडत असेल, तर आधी त्या नियमावर संशय घ्यावा.