येसबाचे चौदा दिवस

खुंटेवाडी नावाच्या गावात येसबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? एकदा आई "दाराकडं बघ रं" म्हणून बाजाराला गेली. येसबा दाराकडं बघत बसला. मागच्या खिडकीतून मांजर आलं आणि पातेलंभर दूध पिऊन गेलं.

आईनं विचारलं, "मांजर आलेलं कळलं न्हाई व्हय तुला?"

"कळलं की. चपाचपा आवाज येत हुता. पण बघायचं दाराकडं हुतं."

वय सत्तावीस, अंगात बैलाचं बळ, कामाला वाघ. सांगणाऱ्यानं फक्त नीट सांगायला हवं, एवढंच. पण लोक नीट कुठं सांगतात? त्यापायी दोन सोयरिकी मोडल्या होत्या. तिसरी जुळली ती ओढ्यापलीकडच्या हिंगणमळ्याच्या दत्तूमामांच्या रोहिणीशी. पोरगी चुणचुणीत, बारावी शिकलेली. येसबाची आई सुंद्राबाई देव पाण्यात घालून बसली होती.

ती म्हणाली, "लेकरा, ही मोडली तर चौथी कुणी विचारणार न्हाई. लगीन हुईस्तोवर आपलं डोस्कं चालवू नगंस. मोठी माणसं सांगतील तेवढंच कर."

"बरं आई," येसबा म्हणाला.

आणि नेमकी त्याच साली ती साथ आली.

खुंटेवाडी मोठं शहाणं गाव. मास्क आले तसे सगळ्यांनी घेतले. लावलेही. कुणी हनुवटीवर, कुणी गळ्यात, कुणी कपाळावर. विष्णू वाणी नाकाखाली लावायचा, कारण श्वास नाकानं घ्यावा लागतो, असं त्याचं म्हणणं. पारावरच्या चार म्हाताऱ्यांत मिळून एकच मास्क होता. ज्याला बोलायचं असेल तो मास्क काढून शेजाऱ्याला द्यायचा. पोलिसांची गाडी दिसली की सगळं गाव नाकापर्यंत झाकलं जायचं, आणि गाडीची धूळ बसायच्या आत उघडं पडायचं. सांगितलेलं अक्षर न् अक्षर ऐकणारा गावात एकटा येसबाच होता. म्हणून ही गोष्ट त्याची.

एके दिवशी घरोघर माहिती देत फिरणाऱ्या आशा सेविका, शोभाताई त्यांचं नाव, येसबाच्या दारात आल्या. म्हणाल्या, "नाक-तोंड झाकल्याबिगर ह्या घरातनं कुणी बाहेर पाऊल टाकायचं नाही."

"कुणी म्हंजे कुणीच?"

"कुणी म्हणजे कुणीच."

दुसऱ्या दिवशी पहाटे येसबानं म्हशीच्या नाका-तोंडाला आपलं धोतर गुंडाळलं. शेळीला आईचा जुना परकर. कोंबड्याला पायमोजा. मग स्वतः मास्क लावला आणि सगळ्यांना घेऊन रानात गेला. म्हैस दिवसभर हिरव्यागार गवतात उभी राहून गवताकडं नुसती बघत होती. संध्याकाळी परत आली ती खपाटीला गेलेलं पोट घेऊन. दूध निघालं वाटीभर.

सुंद्राबाईनं कपाळावर हात मारला. "आरं मुडद्या, खायची येळ झाली की आधी तोंडावरचं कापड सोडावं! एवढंबी कळू नये?"

"बरं आई, पुढच्या येळी तसंच करतो."

आठवड्यानं सुंद्राबाईनं त्याला पाडाच्या आंब्यांची पाटी देऊन हिंगणमळ्याला धाडलं. सासुरवाडीची पहिलीच खेप. येसबा अंघोळ करून, नाक-तोंड झाकून गेला. दत्तूमामांच्या सोप्यात कैरीच्या लोणच्याच्या अकरा बरण्या ओळीनं मांडलेल्या. नुकतंच घातलेलं, वर्षाचं लोणचं. प्रत्येक बरणीच्या तोंडाला पांढऱ्याशुभ्र कापडाचा दादरा बांधलेला.

आतून सासूबाई म्हणाल्या, "पाव्हणं, बसा. जेवायला वाढते."

खायची वेळ झाली होती. येसबानं आधी स्वतःच्या तोंडावरचं कापड सोडलं. मग बरण्यांकडं बघितलं. बिचाऱ्या! त्यानं एकेक करून अकराच्या अकरा दादरे सोडले, नीट घड्या घातल्या आणि बाजूला ठेवले. तेवढ्यात अंगणातून वावटळ आली. उकिरड्यावरचा पालापाचोळा, शेण, राख, सगळं घेऊन ती सोप्यात शिरली आणि बरण्यांमधून गेली. सासूबाई ताट घेऊन बाहेर आल्या. लोणच्यावर कोंबडीचं पीस उभं होतं.

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. दत्तूमामा एकेका बरणीत डोकावत गेले. दाराआडून मात्र कुणीतरी खुदकन हसलं. ती रोहिणी होती.

निरोप आला, 'लग्नाचं काय ते आठ दिवसांत कळवतो.' सुंद्राबाईनं तो ऐकला. तिला रडूच कोसळलं.

"आरं, धुळीनं नासलं सगळं! पोटात जायची वस्तू निर्मळ असावी लागती. शोभाताई सांगून सांगून दमल्या, भायेरनं आलेलं समदं साबणाच्या पाण्यानं धुऊन घ्या म्हणून. तुझ्या कानांत काय बोळं हायती?"

येसबानं कानांत बोटं घालून बघितली. "न्हाई आई, बोळं न्हाईत. पुढच्या येळी धुऊन घीन."

सुंद्राबाईचा जीव लग्नात अडकलेला. होईल या आशेवर तिनं बुंदीचं सामान मागवलं. सगळीकडं टाळेबंदी, वाण्याकडं खडखडाट. मोठ्या मिनतवारीनं पायलीभर डाळीचं पीठ, पाच किलो साखर आणि गुळाची ढेप मिळाली. सुंद्राबाई दळणाला गेली आणि येसबानं सामान उतरवून घेतलं.

बाहेरून आलेलं होतं. त्यानं घंगाळ भरलं, साबणाचा चुरा टाकला आणि पीठ धुतलं. मग गूळ धुतला. मग साखर. तीन पाण्यातनं काढली.

सुंद्राबाई परत आली. घंगाळात फेस, खाली खळ. मोरीतून गुळवणी वाहत होतं आणि गल्लीतल्या सगळ्या मुंग्या त्याच्या काठाला आल्या होत्या.

"साखर कुठाय?"

"धुतली की. इतकी निर्मळ झाली आई, आता दिसतसुदीक न्हाई."

सुंद्राबाई मटकन उंबऱ्यावर बसली. आता तिला रडूही येईना. "आरं देवा! किराणा कुणी धुतो व्हय? भायेरनं काय आलं तर अंगणात उन्हात ठेवावं. चार तास चांगलं तापू द्यावं. मग आत घ्यावं!"

"बरं आई, पुढच्या येळी."

पुढची वेळ तिसऱ्याच दिवशी आली. दत्तूमामा स्वतः आले. सोयरीक मोडायचीच असं ठरवून आले होते. रस्ताभर मनात घोकत होते, 'झालं गेलं विसरा, तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला.' सुंद्राबाई नेमकी रानात गेलेली.

ते पायरीवर पाय ठेवणार तोच येसबा आडवा आला. "मामा, तुमी भायेरनं आलाय. आधी उन्हात."

"आँ?"

"चार तास. काळजी घ्यावी लागती."

दत्तूमामांना वाटलं, सरकारी नियम असेल. रोज नवा नियम निघत होता, कुणाला कुठला माहीत? ते अंगणात बाजेवर बसले. वैशाखाचं ऊन, वर पान हलत नव्हतं. येसबा सावलीत बसून नजर ठेवून होता. तासाभरानं म्हणाला, "मामा, आता पाठ इकडं करा. एकाच अंगानं तापून भागत न्हाई." आईला पापड वाळवताना त्यानं बघितलं होतं.

सुंद्राबाई आली तेव्हा दत्तूमामांचा चौथा तास चालू होता आणि रंग तांब्याचा झाला होता. तिनं धावत जाऊन गार पाण्याचा तांब्या पुढं केला आणि तसाच धरून विचारलं, "पाव्हणं, पण लगीन हाय न्हवं?"

दत्तूमामांची जीभ टाळ्याला चिकटली होती. 'न्हाई' म्हणायला तोंड उघडावं लागतं. मान हलवायला ताकद कमी लागते. त्यांनी मान हलवली आणि तांब्या घेतला.

असं लग्न ठरलं.

ते गेल्यावर सुंद्राबाईनं येसबाला समोर बसवलं. "माणसाला उन्हात वाळत घालत न्हाईत रं! सरपंचांनी दवंडी पिटलीया ती ऐकली न्हाईस? परगावचं माणूस आलं की त्यानं गावात कुणाच्या दारात जायचं न्हाई. थेट शाळंत जायाचं. चौदा दिस तिथं ऱ्हायचं. मग गावात पाय ठेवायचा!"

"थेट शाळंत. चौदा दिस," येसबानं पाठ केलं. "बरं आई."

लग्नाचा दिवस उजाडला. मोजकी तीस माणसं, हिंगणमळ्यात, अकरा बेचाळीसचा मुहूर्त. मुंडावळ्या बांधलेला येसबा राजबिंडा दिसत होता. सुंद्राबाईनं दहादा दृष्ट काढली. हिंगणमळ्याच्या शिवेवर पोचल्यावर रिवाजाप्रमाणं नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला पुढं धाडलं. मंडपात सनई सुरू झाली. भटजी आले. अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. नवरदेव काही येईना.

शोधाशोध झाली. साडेअकराला कुणीतरी ओरडत आलं, "सापडला! शाळंत हाय!"

सगळं वऱ्हाड शाळेकडं पळालं. येसबा पहिलीच्या वर्गात, पहिल्या बाकावर बसला होता. बाक बुटका, गुडघे हनुवटीला टेकलेले. दाराला आतून कडी.

"आरं, दार उघड!" सुंद्राबाई किंचाळली.

"आई, ह्या गावाला मी परगावचा. चौदा दिसांनी या."

दत्तूमामा आता मात्र खवळले. पागोटं हातात घेऊन म्हणाले, "पुरं झालं! लोणचं गेलं, मी भाजून निघालो, आता हे! मोडलं लग्न!"

सुंद्राबाईनं त्यांचे पाय धरले. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात गर्दीतून शालू सावरत रोहिणी पुढं आली.

"आबा, एक सांगा. ह्या तीस माणसांत मास्क नाकावर कुणाचा हाय?"

दत्तूमामांनी बघितलं. तिसांतल्या कुणाचाच नव्हता. खिडकीच्या गजांआड मुंडावळ्यांखाली मात्र पांढरा मास्क नाकापर्यंत चढवलेला होता.

"सांगितलेलं ऐकणारा नवरा पंचक्रोशीत दुसरा दावा," रोहिणी म्हणाली, "मी त्याच्याशी लगीन करते."

दत्तूमामांनी पागोटं परत डोक्यावर ठेवलं.

अकरा बेचाळीसला मंगलाष्टकं झाली. खिडकीची लाकडी झडप हाच अंतरपाट. 'शुभमंगल सावधान' झालं आणि झडप उघडली. चार हातांचं अंतर पाळायचं म्हणून येसबानं नकाशा दाखवायच्या छडीला हार अडकवून रोहिणीच्या गळ्यात घातला. मंगळसूत्रही तसंच घातलं. पहिल्या खेपेला ते भटजींच्या कानाला अडकलं, पण दुसऱ्या खेपेला नीट पडलं. रोहिणी इतकी हसत होती की तिचा उखाणा अर्धाच राहिला. येसबाला तिचं हसू फार आवडलं. गजांना धरून तो तिच्याकडं बघतच राहिला.

मग वरात निघाली. नवरी सासरी गेली आणि नवरा माहेरी राहिला.

खुंटेवाडीच्या वेशीवर शोभाताई उभ्या होत्या. "सुंद्राकाकू, सून देखणी हाय. पण परगावची. नियम सगळ्यांना सारखा." रोहिणी शहाणी पोरगी, पेटी घेऊन खुंटेवाडीच्या शाळेत गेली. सुंद्राबाई दोन्ही वेळा दारापाशी ताट ठेवायची. तिकडं दत्तूमामा जावयाच्या खिडकीशी ताट ठेवायचे. लोणच्याशिवाय.

एकेक करत चौदा दिवस सरले. पंधराव्या दिवशी सकाळी सुंद्राबाई ओवाळणीचं ताट घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. रोहिणी वेणीफणी करून पेटी घेऊन बाहेर आली. आणि त्याच वेळी ओढ्याकडच्या वाटेनं येसबाही आला. चौदा दिवस सासूच्या हातचं खाऊन गुटगुटीत झालेला. त्याला बघून रोहिणीचा चेहरा उजळला. सुंद्राबाईचे डोळे भरून आले. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

येसबा आला, आईला लांबून नमस्कार केला, बायकोकडं बघून लाजला, आणि दोघींच्या मधून सरळ शाळेत शिरला.

"आरं, कुठं निघालास?"

"आई, मी परगावाहून आलोय. चौदा दिस हुतो तिकडं."

सुंद्राबाईच्या हातातलं ताट कलंडलं. शोभाताई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. रोहिणीनं पदर खोचला. मग पेटी उचलून मागोमाग वर्गात गेली आणि तिनं येसबाचा हात घट्ट धरला.

"आता मी तुमच्या संपर्कात आले. संपर्कात आलेल्यानंबी चौदा दिस आतच ऱ्हायचं. काय शोभाताई, हाय का न्हाई नियम?"

"हाय बाई, हाय!" शोभाताई म्हणाल्या.

सुंद्राबाईचा जीव भांड्यात पडला. सून गुणाची मिळाली, आता चौदा दिवस काय आणि चाळीस काय, दोघं एकत्र तरी राहतील. ती लगबगीनं दार ओढून घ्यायला निघाली.

येसबा हाताकडं बघत होता. रोहिणीचा हात मऊ होता. त्याला मनापासून वाटत होतं, हा हात कधी सोडू नये. पण नियम खरा होता, आणि बायकोची काळजी नवऱ्यानं घ्यायची नाही तर कुणी घ्यायची? त्यानं हात हळूच सोडवला. तिची पेटी उचलून बाकावर नीट ठेवली. माठ भरलेला आहे का बघितलं. मग बाहेर येऊन शेजारच्या दुसरीच्या वर्गात गेला आणि आतून कडी लावून घेतली.

"पंधराव्या दिशी भेटू गं," तो भिंतीपलीकडून म्हणाला. "तवर हात धू."